मालवणचे चार दिवस आणि काकींचे दोन मुलगे

दिवस पहिला : कोल्हापूर ते मालवण

२६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की कुठेतरी जायचं हे आमच्या घरात ठरलेलं असतं, कुठे ते मात्र आदल्या रात्रीपर्यंत ठरत नाही. यावेळी तो प्रश्नच नव्हता कारण लेकीने दिवाळीपासून धोशा लावलेला, स्कुबा करायचं म्हणजे करायचं, वर्गातल्या चार पोरींचे पाण्याखालचे फोटो बघून झालेले आणि आपलाच फोटो नाही म्हणजे काय. ती दहावीला आहे, पण बोर्डाच्या परीक्षेपेक्षा हे महत्त्वाचं. नवरा म्हणाला मी पण करणार. मी म्हणलं बघू, कारण मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते आणि पाण्याचा दाब फळ्यावर शिकवणं वेगळं आणि डोक्यावर घेणं वेगळं.

राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल असे गेलो. दाजीपूरला मस्त धुकं होतं. घाटात लेकीने दोनदा उलटी केली, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

होमस्टे गावातच, बाजारापासून आत, माडांच्या मधे. काकी एकट्याच सगळं बघतात. गेल्या गेल्या बांगड्याचं तिखलं, तिरफळ घातलेलं, आणि सोलकढी. जेवून पडवीत टेकलो तर समोरच्या खुंटीवर एक वेटसूट लटकलेला, काळा असावा पण आता राखाडी झालेला, गुडघ्यापाशी चिरा पडलेल्या. रबर इतकं कडक झालेलं की वारा आला तरी हलत नव्हता. मी विचारलं कुणाचा, तर काकी म्हणाल्या "थोरल्याचो" आणि आत गेल्या. धाकटा मुलगा स्कुबा गाईड आहे हे बुकिंग करतानाच कळलेलं, उलट त्यामुळेच हे घर घेतलं, पण थोरल्याचं कुणी काही बोललं नव्हतं.

दिवस दुसरा : किल्ला, आणि संध्याकाळी पडवीत

सकाळी जेट्टीवर. "चला स्कुबा, फोटो व्हिडिओ फ्री" करत चारजण मागे लागले, त्यातल्या एकाने तर नवऱ्याच्या हातातली पिशवीच धरली. आम्ही आधी किल्ल्याच्या होडीत बसलो. सिंधुदुर्ग मी शाळेत असताना बघितलेला, तेव्हा फक्त गोड्या पाण्याच्या विहिरी लक्षात राहिलेल्या, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं, लेकीला हे अजिबात खरं वाटेना, चव घेऊ दे म्हणाली. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं, पायात शिसं ओतलं, आणि दरवाजा असा लपवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. गाईड हे सगळं पाठ केल्यासारखं सांगत होता, तरी अंगावर काटा आलाच.

तटावर चढून मागच्या बाजूला गेलो तर खाली स्कुबाच्या होड्या उभ्या होत्या. एकेका होडीभोवती पाच-सहा डोकी, नारिंगी जॅकेटं, मधेच एखादं डोकं गायब व्हायचं आणि बुडबुडे यायचे. मी उगाच मोजायला लागले, किती गेले किती वर आले. मोजणी काही जुळेना. हा सगळा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, म्हणजे कागदावर, कारण त्या दिवशी तिथे माशांपेक्षा माणसं जास्त असावीत.

संध्याकाळी नवरा आणि लेक चिवला बीचला गेले. मी काकींबरोबर पडवीत कुळीथ निवडत बसले. त्या आपणहून बोलायला लागल्या, बहुतेक मी दुसऱ्या दिवशी पोरीला पाण्यात पाठवणार म्हणून.

झालं ते असं. दोन सीझन मागे दोन्ही भाऊ एकाच बोटीवर गाईड होते. फोटोवाली साधी स्कुबा नव्हे, ज्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे त्यांना बाहेरच्या खडपावर नेत, थोडं खोल. एक पाहुणा आला, पन्नाशीचा, स्वतःचं सामान, मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर, शंभरावर डाइव्ह केलेला माणूस. पाणी स्वच्छ, ओढ नाही. आणि तो माणूस पाण्यातच गेला. धडपड नाही, खूण नाही, काहीच नाही.

"पोरग्याची काय्येक चूक नाय असा सगळ्यांनी सांगितल्यानी," काकी म्हणाल्या. "पण चूक नाय तर मग झाला कित्यां? ता कोण सांगणा नाय."

पोलिसांनी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद केली, दोघांचे जबाब झाले, सामान जप्त करून तपासायला गेलं. रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र, ठीक. सिलिंडरमध्ये निम्म्याहून जास्त हवा शिल्लक, ती हवाही स्वच्छ निघाली. पोस्टमॉर्टेममध्ये बुडून मृत्यू, व्हिसेरा राखून ठेवला, त्यातही पुढे काही सापडलं नाही. भावांवर गुन्हा वगैरे काही दाखल झाला नाही. गावातल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, आहे त्या खडपावर, जुनी जागा आहे ती, बुडालेल्यांची. काकींचा त्यावर फारसा विश्वास नाही पण त्यांनी देवाला कौल मात्र लावला. कौल काय मिळाला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग देवळात गाऱ्हाणं घातलं, दोन्ही पोरं मागे उभी, भटजी नव्हे, गावातलेच एक जुने जाणते गाऱ्हाणं घालत होते, पाण्याच्या वाटेन येणाऱ्या-जाणाऱ्याची राखण कर रे म्हाराजा, आणि सगळे म्हणाले व्हय म्हाराजा. थोरला तेव्हढं म्हणाला नाही असं काकी म्हणाल्या. त्यांनी मुद्दाम वळून बघितलेलं.

थोरला पाण्यातून उठला तो उठलाच. बायकोच्या माहेरी देवबागला राहायला गेला, तिथे बोट चालवतो, संगमावर आणि सुनामी बेटावर पर्यटक नेतो. पाण्यात पाय घालत नाही म्हणे, बोट ढकलायची वेळ आली तरी दुसऱ्याला सांगतो. आणि धाकटा उलट, तेव्हापासून एक दिवस खाडा केला नाही.

रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचत पडले. सवय आहे, उत्तर नसलेलं गणित असलं की मला चैन पडत नाही.

दिवस तिसरा : स्कुबा

सकाळी सातला धाकट्याने आम्हाला चहाबरोबर फॉर्म दिले. दमा आहे का, फिट येते का, हृदयाचा त्रास, बीपी, कानाचं ऑपरेशन. नवऱ्याने सरळ वरपासून खालपर्यंत नाही, नाही, नाही. धाकट्याने फॉर्म घेतला, बघितला, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "सर, काल सकाळी नाश्त्याला तुम्ही गोळी घेतलात ती कसली?"

बीपीची. चार वर्षं चालू आहे. नवरा म्हणाला अरे कंट्रोलमध्ये आहे, काही होत नाही. धाकटा म्हणाला डॉक्टरचं लेखी आणा, पुढच्या वेळी नेतो. नवरा म्हणाला जेट्टीवर कुणीही नेईल मला. "नेतील," धाकटा म्हणाला. बस्स, एवढंच. नवरा रागारागाने बाहेर जाऊन बसला, आणि ज्यांची बोट आहे त्या मालकाचा फोन आला तेव्हा त्यांचाही आवाज चढलेला ऐकू आला, गिऱ्हाईक परत पाठवतोस, या आठवड्यातलं तिसरं. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी नवऱ्याचीच बाजू घ्यावीशी वाटलेली. पैसे भरलेले, चार तास गाडी चालवून आलेला, आणि एवढासा मुलगा नाही म्हणतो.

बोटीत त्याने एक साधा प्लॅस्टिकचा फुगा फुगवला आणि लेकीला म्हणाला हा दहा मीटरवर नेला तर निम्मा होईल. मी मनात खूश. वर हवेचा दाब एक, दर दहा मीटरला आणखी एक, म्हणजे दहा मीटरवर दुप्पट. आता उलटं, तो म्हणाला, खाली फुगवून तोंड बांधून वर आणला तर? फुटेल, लेक म्हणाली. म्हणून श्वास कधी रोखायचा नाही, कितीही घाबरलीस तरी, उलट घाबरलीस तर जास्तच सोडायचा. दीड मीटर वर येतानासुद्धा छाती भरलेली असली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. आणि अंगठा वर म्हणजे मस्त नव्हे, अंगठा वर म्हणजे मला वर न्या. मस्त म्हणजे ही गोल खूण. हे त्याने तिच्याकडून तीनदा करून घेतलं. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी हवाच असते, हेही सांगितलं. आमच्या स्टाफरूममध्ये विचारलं तर निम्मे चुकतील.

आधी लेक गेली, मग मी. सहा मीटर फक्त. पहिल्या मिनिटाला वाटलं हे काही आपल्याला जमणार नाही, तोंडात रबर, नाक बंद, आपलाच श्वास कानात कुणीतरी भाता चालवल्यासारखा. कान दुखले, नाक दाबून हवा सोडली, टक् करून मोकळे झाले. मग एकदम सगळं शांत. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे छोटे मासे, खडकावर मऊ काहीतरी हलतंय, वरून ऊन उतरतंय. पण माझं लक्ष खरं तर माझ्या मनगटावर होतं. धाकट्याने माझा हात धरला नव्हता, मनगट धरलेलं, दोन बोटं आतल्या बाजूला, जिथे डॉक्टर नाडी बघतात तिथे. आणि दर थोड्या वेळाने गोल खूण. मी गोल खूण. परत तो. मी मोजायला लागले, साधारण पंधरा सेकंदांनी एकदा, वीसच्या वर कधी गेलं नाही. माशाकडे बघायचं तर तो हाताने नव्हे, टॉर्चचा उजेड पाडून दाखवायचा, आणि मी माशाकडे बघत असताना तो माझ्याकडे बघत असायचा. त्या वीस मिनिटांत त्या मुलाने एकही मासा बघितला नसेल.

शेजारच्या बोटीचे गाईड टाकीवर ठोकत होते. लोखंडाच्या तुकड्याने सिलिंडरवर टण् टण् केलं की पाण्यात ते सगळीकडून आल्यासारखं ऐकू येतं, कारण आवाज पाण्यात हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो, दोन कानांत फरकच कळत नाही. तो आवाज आला की दरवेळी माझ्या मनगटावरची दोन बोटं घट्ट व्हायची.

वर आल्यावर लेक अखंड बोलत होती. तिला टॉवेलात गुंडाळून पुढे बसवलं आणि मी धाकट्याला विचारलं तू टाकीवर का नाही ठोकत. त्याला कळलं की आईने सांगितलंय.

तो बराच वेळ नळ्या गुंडाळत राहिला. मग म्हणाला त्या दिवशी दादा पुढे होता, मी पाहुण्याच्या बाजूला. चौदा मीटर. बाविसाव्या मिनिटाला मी खूण विचारली, त्याने दिली. मग "दादान टाकीर ठोकल्यान," एवढं एकदम मालवणीत, आणि पुन्हा मराठीत, बिळात मोठा मोरे ईल, सापासारखा लांब मासा, होता, तोंड उघडून बसलेला. मी तिकडे बघितलं. किती वेळ बघितलं ते मला माहीत नाही. पोलिसांनी विचारलं, मी म्हटलं दहा सेकंद. घरी येऊन मी घड्याळ लावून ईलकडे बघतोय असं करून बघितलं, कधी पाच येतात कधी तीस. परत वळलो तर तो तिथेच होता, तसाच आडवा, रेग्युलेटर तोंडातून सुटलेला, डोळे उघडे. मला आधी वाटलं मस्करी करतोय.

वर आणलं, बोटीवरच छाती दाबायला सुरुवात केली, तीस दाब आणि दोन श्वास, तीस आणि दोन, ऑक्सिजनचा सिलिंडर होता तो लावला, जेट्टीपर्यंत दोघे आळीपाळीने. बरगडी मोडल्याचं हाताला कळलं तरी थांबलो नाही कारण शिकवलेलं तसंच आहे. तारकर्लीला एमटीडीसीच्या सेंटरला शिकलाय तो, तिथल्या खोल टाकीत पुतळ्यावर शंभर वेळा केलेलं. पुतळ्याची बरगडी मोडत नाही, म्हणाला.

मी मग रात्री वाचलेलं सांगायला लागले. वर्गातल्यासारखंच सांगितलं असणार. पाण्यात उतरलं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयाला एकदम जास्त काम पडतं. कधी फुप्फुसात आतूनच पाणी साठतं, समुद्राचं नव्हे, शरीरातलंच. आणि हृदयाची लय बिघडून माणूस गेला तर कापून बघितलं तरी दिसत नाही, लय ही चालत्या हृदयात असते, थांबलेल्यात कुठून सापडणार. रक्तात बुडबुडे सापडले तरी त्यांनीच गेला असं नक्की सांगता येत नाही, कारण खोलातून वर आणलेल्या मृतदेहात विरघळलेला वायू आपोआप सुटतो, सोड्याचं झाकण काढल्यासारखा. शेवटी तोंडातून रेग्युलेटर सुटतो, पाणी जातं, आणि कागदावर बुडून मृत्यू येतं. ते खोटं नसतं, पण ती गोष्टीची शेवटची ओळ असते आणि तुला पहिली हवी आहे.

तो ऐकत होता. मला वाटलं याने हे सगळं आधीच वाचलंय. मग मी म्हणलं, अमेरिकेतल्या डॅन नावाच्या संस्थेच्या डॉक्टरांनी १९९२ ते २००३ मधल्या ९४७ डाइव्हिंग मृत्यूंचा अभ्यास केला, २००८ साली छापलाय. सुरुवात नक्की कशाने झाली, हवा संपली की अडकला की सामान बिघडलं, हे त्यांना फक्त ३४६ जणांचं सांगता आलं.

"आणि उरलेले?"

मी वजाबाकी केली. ६०१.

तो गप्प राहिला. मग किल्ल्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे सहाशे एक गाईड."

प्रत्येकाबरोबर गाईड असतोच असं नाही, कितीतरी जण मित्राबरोबर उतरतात, हे माझ्या तोंडावर आलेलं. बोलले नाही. त्याचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा जरा सैल झालेला दिसला, मग ते सहाशे एक जण कुठेतरी आहेत असं त्याला वाटत असेल तर वाटू दे.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही, रात्री सौंदाळे आणायला धाकट्याबरोबर बाजारात गेला आणि दोघं एक तास उशिरा आले. काय बोलले ते मला अजून कळलेलं नाही.

दिवस चौथा : देवबाग

निघताना काकींनी खाजाच्या दोन पुड्या आमच्या हातात दिल्या आणि एक स्टीलचा डबा वेगळा. "देवबागाक जातास तर माझ्या थोरल्याच्याच बोटीन जावा. ह्यो डबो तेका देवा." डब्यात तळलेला मोरी मासा होता, वासावरून कळलं. मालवण ते देवबाग म्हणजे तारकर्लीवरून जेमतेम अर्धा तास, आणि तरी आई मुलाला डबा पर्यटकांच्या हाती पाठवते.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी, काही ठिकाणी तर रस्त्यावर उभं राहून दोन्ही पाणी दिसतं. थोरला दिसायला धाकट्यासारखाच, फक्त खांदे पडलेले. डबा घेतला, झाकण न उघडता सीटखाली ठेवला. आम्ही बसलो, तो काठावरून फळीवरून चालत आला, आणि बोट ढकलायला एक पोरगा पाण्यात उतरला, काकी म्हणाल्या तसंच.

संगम बघितला. सुनामी बेट म्हणजे नदीच्या तोंडाशी वाळूचा एक पट्टा, भरतीला जवळजवळ नाहीसा होतो, त्यावर बनाना बोट आणि मॅगीचे स्टॉल. लेकीला तिथेच सोडलं तर ती राहिली असती. डॉल्फिन दिसले नाहीत, दिसतील असं सांगणाऱ्याला मी आधीच सांगितलेलं की आम्हाला नाही दिसणार.

परत येताना दुसऱ्या एका बोटीवरचा पोरगा चहाच्या किटलीवर चमच्याने वाजवत होता, चहा चहा करत. थोरल्याने मान वळवली नाही, पण इंजिनचा आवाज एकदम वाढला आणि आम्ही सगळे मागे कलंडलो. नवरा काहीतरी बोलणार होता, मी त्याचा गुडघा दाबला.

धक्क्याला लागल्यावर पैसे दिले, त्याने मोजले नाहीत. लेक उतरताना त्याने तिला आधार दिला आणि तिच्या मनगटाकडे त्याचं लक्ष गेलं. आतल्या बाजूला दोन निळसर ठिपके पडलेले, बोटांचे, आदल्या दिवसाचे. तिने मला रात्री दाखवलेले, दुखत नाही म्हणाली होती.

"काल डाइव्ह केलात काय?"

हो म्हणलं.

"आमच्या धाकट्याबरोबर?"

हो.

तो दोर खुंटाला बांधत होता, तो बांधून झाला, सोडला, परत बांधला.

"टाकीर ठोकता काय तो अजून?"

नाही, मी म्हणलं, टॉर्च दाखवतो.

त्याने मान हलवली. सीटखालून डबा काढला, उघडला, एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि पोरग्याला म्हणाला पुढचे पाच जण बसव.